फोटोंच्या व्हिडिओचा आस्पेक्ट रेशो: चौकट आधी, फोटो नंतर

स्वागत समारंभाच्या एलईडी वॉलवर नवरा-नवरी उगाच उंच आणि किडकिडीत दिसतात. गणपतीत घरच्या टीव्हीवर लावलेल्या व्हिडिओत मूर्तीचा मुकुटच कापलेला असतो. तोच व्हिडिओ मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर गेला की चारही बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. तक्रारी तीन असल्या तरी कारण एकच असतं. चौकटीचं माप कुणी ठरवलेलंच नसतं. पहिला फोटो टाकला, त्यावरून सॉफ्टवेअरने जे धरलं ते धरलं, आणि एक्सपोर्टच्या, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढण्याच्या वेळी भलतंच माप निवडलं गेलं.

आस्पेक्ट रेशो म्हणजे चौकटीच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. १६:९ म्हणजे रुंदी १६ भाग, उंची ९ भाग. पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके किती, हा वेगळा प्रश्न. १२८०×७२०, १९२०×१०८० आणि ३८४०×२१६० या तिन्ही चौकटी १६:९ च्याच आहेत, फक्त बारकावा कमी-जास्त. त्यामुळे कडेला काळ्या पट्ट्या येतात म्हणून फोरकेमध्ये (३८४०×२१६०) एक्सपोर्ट करून काही होत नाही. पट्ट्याही तेवढ्याच स्पष्ट येतात.

आधी पडदा विचारा

व्हिडिओ कुठे लागणार, हे समजल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. घरचा टीव्ही असेल तर प्रश्न मिटला: आजचे जवळजवळ सगळे टीव्ही १६:९ चे, माप १९२०×१०८०. यूट्यूबवर नेहमीचा व्हिडिओ टाकायचा असेल तरी हेच माप. इन्स्टाग्राम रील, यूट्यूब शॉर्ट्स आणि व्हॉट्सॲप स्टेटससाठी उभी चौकट, ९:१६, म्हणजे १०८०×१९२०. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरगुती निवासाची सोय करणारे बरेच जण हल्ली एकाच फोटोसंचातून दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी आणि इन्स्टाग्रामसाठी असं दोन्हीकडे काम भागवू पाहतात. एका फाइलने ते भागत नाही. दोन वेगळे प्रोजेक्ट करा. फोटो निवडून आणि क्रमाने लावून झालेले असले की दुसऱ्याला फारसा वेळ लागत नाही.

शाळेचं स्नेहसंमेलन किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह असेल तर प्रोजेक्टरचं मॉडेल बघून त्याचं मूळ रेझोल्युशन (रुंदीत आणि उंचीत किती पिक्सेल) काढा. जाहिरातीत ‘फुल एचडी सपोर्ट’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. तो नुसता ते इनपुट स्वीकारतो असा त्याचा अर्थ असू शकतो. मूळ रेझोल्युशन १०२४×७६८ असेल तर प्रोजेक्टर ४:३ चा, १२८०×८०० असेल तर १६:१० चा. ४:३ च्या प्रोजेक्टरवर १६:९ चा व्हिडिओ लावला की चित्र १०२४×५७६ एवढंच उरतं आणि वर-खाली ९६-९६ पिक्सेल काळे जातात. फोटो बहुतेक मोबाइलचे असतील आणि व्हिडिओ त्या एकाच कार्यक्रमासाठी असेल, तर सरळ १४४०×१०८० मध्ये करा. मोबाइलचे फोटोही ४:३ चेच असतात, त्यामुळे काही न कापता पडदाभर बसतात.

एलईडी वॉलचं गणित वेगळं आहे. त्यावर खाली सविस्तर.

फोटो कुठल्या मापाचे आहेत

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घेऊन एकदा नजरेखालून घाला. मोबाइलच्या साध्या मोडमधले फोटो ४:३ चे असतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०००×३००० भरतो. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचे ३:२ चे, उदाहरणार्थ ६०००×४०००. मोबाइलमध्ये ‘फुल’ निवडून काढलेले फोटो स्क्रीनच्या मापाचे, २०:९ च्या आसपास लांबुडके. पॅनोरमा तर ४:१ पर्यंतही जातो. यापुढे फोटो काढायचे असतील तर ४:३ वरच काढा. बहुतेक फोनमध्ये १६:९ आणि ‘फुल’ हे ४:३ चेच कापलेले तुकडे असतात. कापायचंच आहे तर कुठून कापायचं ते नंतर तुम्हीच ठरवलेलं बरं.

मग आडवे किती, उभे किती ते मोजा. कोकणातल्या फोटोंत उभ्यांची भरती जास्त होते, कारण विषयच तसे: माड, पोफळी, देवळापुढची दीपमाळ, दीपस्तंभ, शिमग्यात होळी उभी करतानाचा क्षण, मखरातला गणपती आणि वरची माटवी. उलट किनारा, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांची रांग, मालवणहून दिसणारी सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी, अंगणातला सगळ्या घराचा फोटो, हे सगळं आडवं. व्हिडिओ टीव्हीसाठी आहे आणि निम्म्याहून जास्त फोटो उभे आहेत, तर पुढे जोड्या लावाव्या लागणार आहेत हे आत्ताच लक्षात घ्या.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो वेगळे काढा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आलेला असतो. आडवा १६००×१२०० चा फोटो १६:९ मध्ये पूर्ण भरायला गेलात तर १६००×९०० उरतं आणि ते १९२० पर्यंत फुगवावं लागतं. एकदा चालून जातं. त्यात वर झूम दिला की चेहरे मऊ पडतात. ज्यांनी फोटो पाठवले त्यांच्याकडून तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून परत मागवा. रेंज नसेल तर पेनड्राइव्ह.

प्रोजेक्टचं माप आधी लावा

नियम एवढाच की पहिला फोटो टाकण्यापूर्वी माप लावायचं. संगणकावरच्या शॉटकट या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ मोड ‘ऑटोमॅटिक’ असेल तर पहिली टाकलेली वस्तूच प्रोजेक्टचं माप ठरवते. तुमचा पहिला फोटो उभा असला की पूर्ण व्हिडिओ उभा, आणि हे कळतं चाळिसाव्या फोटोनंतर. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘व्हिडिओ मोड’मध्ये जाऊन ‘एचडी १०८०पी २५ एफपीएस’ निवडा. प्रीमियरमध्येही फोटो ओढून थेट ‘न्यू आयटम’वर टाकला की सीक्वेन्स (व्हिडिओची टाइमलाइन) फोटोच्या मापाचा, म्हणजे ४०००×३००० चा बनतो. आधी १९२०×१०८० चा सीक्वेन्स करा आणि ‘पिक्सेल आस्पेक्ट रेशो’ हा ‘स्क्वेअर पिक्सेल्स’ आहे ना ते बघा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’मध्ये ‘टाइमलाइन रेझोल्युशन’ लावा. त्याच खिडकीत ‘इमेज स्केलिंग’ आहे. तिथे वेगळ्या मापाच्या फाइलींचं काय करायचं ते एकदाच सांगून ठेवता येतं, म्हणजे पूर्ण मावेल असं बसवायचं की चौकट भरून कापायचं. ‘स्ट्रेच’ हा पर्यायही तिथेच असतो. त्याला हात लावू नका.

मोबाइलवर काइनमास्टर नवा प्रोजेक्ट उघडतानाच रेशो विचारतो. इनशॉटमध्ये ‘कॅनव्हास’ नावाचं बटण असतं, तिथून १६:९ किंवा ९:१६ निवडायचं.

पॉवरपॉइंटमधून व्हिडिओ काढणारे कमी नाहीत, आणि शाळांसाठी तो मार्ग वाईटही नाही. ‘डिझाइन’मध्ये ‘स्लाइड साइझ’. ‘वाइडस्क्रीन’ म्हणजे १३.३३३×७.५ इंच, १६:९. ‘स्टँडर्ड’ म्हणजे १०×७.५ इंच, ४:३. उभा व्हिडिओ हवा तर ‘कस्टम’मध्ये रुंदी ७.५ आणि उंची १३.३३३ घाला. स्लाइडचा आकार नंतर बदललात तर तो ‘मॅक्सिमाइझ’ की ‘एन्शुअर फिट’ असं विचारतो. ‘एन्शुअर फिट’ घ्या, नाहीतर कडेचा मजकूर बाहेर जातो. आणि फोटो लहान-मोठा करताना कोपऱ्यातला बिंदू धरा. बाजूचा बिंदू ओढला की फोटो ताणला जातो. शाळेच्या व्हिडिओंमध्ये गुरुजी आडवे फुगलेले दिसतात ते बहुधा यामुळे.

फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं, एफपीएस) २५ किंवा ३० ठेवा. फोटोंसाठी दोन्ही चालतात, मध्ये मोबाइलच्या व्हिडिओचे तुकडे येणार असतील तर ३०.

फोटो चौकटीत बसवताना

खरं काम इथे आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, फोटोचं तीनच प्रकारे काही करता येतं: ‘फिट’, ‘फिल’ आणि ‘स्ट्रेच’. स्ट्रेच बाद. राहिले दोन.

‘फिट’ म्हणजे काहीही न कापता पूर्ण फोटो चौकटीत. १९२०×१०८० मध्ये ४:३ चा आडवा फोटो १४४०×१०८० होतो आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल रिकामे राहतात. ३:२ चा फोटो १६२०×१०८०, रिकामे १५०-१५०. मोबाइलचा उभा फोटो मात्र ८१०×१०८० होतो आणि दोन्हीकडे ५५५-५५५ रिकामे, म्हणजे निम्म्याहून जास्त पडदा ओसाड.

‘फिल’ म्हणजे चौकट पूर्ण भरायची, बाहेर जाईल ते कापायचं. ४:३ चा फोटो १६:९ मध्ये भरला की उंचीतला २५ टक्के भाग जातो. ३:२ चा भरला तर साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास. आडवा ४:३ फोटो उभ्या ९:१६ चौकटीत भरायला गेलात तर रुंदीतला ५८ टक्के भाग जातो. अंगणातल्या घरच्यांच्या फोटोत मधली चार माणसं उरतात, कडेचे काका-काकू गायब.

सॉफ्टवेअर कापतं ते मधून, वरून-खालून सारखं. ४०००×३००० चा फोटो १९२० रुंदीवर आणला की १४४० उंच होतो, त्यातले ३६० पिक्सेल काढायचे, म्हणून ते १८० वरून आणि १८० खालून घेतं. पण फोटोत डोकी वर असतात आणि खाली असते लादी, सतरंजी, अंगणातलं सारवण. तेव्हा प्रत्येक फोटो ‘पोझिशन’मधून खाली सरकवून वरचा भाग वाचवा, कापायचे ते ३६० जवळजवळ सगळे खालूनच जाऊ द्या. समूह फोटो आणि गणपतीची मूर्ती यांत हे हातानेच करायचं काम आहे. ‘ऑटो’वर सोडलं की मुकुट गेलाच म्हणून समजा. किनाऱ्याच्या फोटोत उलट: वरचं आभाळ बिनदिक्कत कापा, लाटा आणि माणसं ठेवा.

आमचं मत सांगायचं तर १६:९ च्या चौकटीसाठी व्यवहारात नियम असा: आडवा फोटो ‘फिल’, पण हाताने सरकवून, मागच्या रांगेतली डोकी कापली जाणार असतील तो फोटो ‘फिट’, उभा फोटो कधीही ‘फिल’ नाही.

उभ्या फोटोंसाठी जोडी लावा. ३:४ चे दोन उभे फोटो शेजारी-शेजारी म्हणजे ८१० अधिक ८१०, एकूण १६२०. उरले ३००, डावीकडे १००, मध्ये १००, उजवीकडे १००. चौकट भरल्यासारखी दिसते आणि एकही फोटो कापावा लागत नाही. ९:१६ चे उभे फोटो असतील तर तीन मावतात: प्रत्येकी ६०८ रुंद, एकूण १८२४, उरलेल्या ९६ मधून २४-२४ च्या चार फटी. जोडी लावताना एकाच प्रसंगातले फोटो घ्या. साखरपुड्याचा एक आणि बारशाचा एक असं शेजारी ठेवलं की बघणारा गोंधळतो.

उभ्या रीलमध्ये हेच गणित आडवं होतं: ४:३ चा आडवा फोटो १०८०×८१०, असे दोन एकावर एक.

रिकाम्या जागेत काय ठेवायचं? त्याच फोटोची धूसर, मोठी प्रत मागे लावायची पद्धत बऱ्याच मोबाइल ॲपमध्ये एका बटणावर आहे. छोट्या स्क्रीनवर ती खपते. मोठ्या टीव्हीवर आणि एलईडीवर मात्र मागे हलणारे रंगीत ढग डोळ्यांत भरतात आणि मूळ फोटो हरवतो. तिथे साधा गडद रंग, राखाडी किंवा गडद तांबडा, चांगला. धूसर प्रतच हवी असेल तर तिची चमक निम्म्यावर आणा. प्रत्येक फोटोला वेगळी फुलांची फ्रेम लावणाऱ्यांशी वाद नाही, पण फ्रेम चौकटीच्या कडेला टेकवू नका. काही टीव्ही कडा कापतात, मग फ्रेमच्या तीनच बाजू दिसतात.

पॅनोरमाला ‘फिट’ केलं की पट्टी होते. १२०००×३००० चा किनाऱ्याचा पॅनोरमा १९२० रुंदीवर जेमतेम ४८० उंच उरतो. त्याऐवजी उंची १०८० करा. रुंदी ४३२० होईल. मग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत २४०० पिक्सेल सरकवा. या सरकण्याला दहा सेकंद द्या. पाच सेकंदांत सरकवलं तर गाडीच्या खिडकीतून बघितल्यासारखं होतं आणि कडा थरथरतात. बाकीच्या फोटोंना चार-पाच सेकंद पुरतात.

शीर्षकं आणि नावं कडेपासून आत ठेवा: १९२०×१०८० मध्ये डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल सोडून. रीलमध्ये जास्त सोडावं लागतं, कारण वरचा सातवा हिस्सा आणि खालचा साधारण तिसरा हिस्सा ॲपची बटणं, नाव आणि मजकूर यांनी व्यापलेला असतो. ‘चि. सौ. कां.’ खाली लिहिलं तर ते लाइकच्या बटणाखाली जाईल.

जुने अल्बम, जुन्या सीडी

४×६ इंचाची प्रिंट म्हणजे ३:२, कारण ३५ मिलिमीटर फिल्मची चौकटच ३६×२४ मिलिमीटर. ५×७ ची प्रिंट थोडी चौकोनी, ८×१० ची अजून चौकोनी. त्याआधीच्या अल्बममध्ये पूर्ण चौरस फोटोही सापडतात. त्यांना ‘फिट’च द्या. १०८० च्या चौरसामागे गडद रंग शोभून दिसतो. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करा: ४×६ ची प्रिंट ३६००×२४०० होते आणि झूमला जागा राहते. ३०० डीपीआयला १८००×१२०० मिळतं. १९२० च्या चौकटीला ते तोकडं. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने फोटो अल्बमच्या प्लास्टिकला किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेले असतात. ओढून काढू नका, वरचा रंगाचा थर काचेलाच राहतो. काचेसकट स्कॅन करा आणि झाकण न लावता वरून काळं कापड घाला.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडीतला एखादा तुकडा मध्ये घालायचा असेल तर तो हमखास बिघडतो. आपल्याकडच्या पाल (जुन्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीची चौकट ७२०×५७६ असते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. सॉफ्टवेअरने ते चौरस धरले की रेशो १.२५ होतो आणि माणसं जरा बारीक दिसतात. ४:३ चा तुकडा ७६८×५७६ दिसायला हवा. क्लिपच्या गुणधर्मात पिक्सेल आस्पेक्ट ‘पाल ४:३’ लावा, किंवा तो पर्याय नसेल तर फक्त रुंदी १०६.७ टक्के करा. ताणायला परवानगी आहे ती या एकाच ठिकाणी. हलताना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर ‘डीइंटरलेस’ चालू करा.

एक्सपोर्ट

एक्सपोर्टच्या खिडकीत पहिली गोष्ट बघायची ती रुंदी आणि उंची. ती प्रोजेक्टशी तंतोतंत जुळली पाहिजे. प्रोजेक्ट १४४०×१०८० आणि एक्सपोर्टचा तयार साचा ‘यूट्यूब १०८०पी’ असेल, तर साचा १९२०×१०८० चाच व्हिडिओ बनवणार आणि पट्ट्या फाइलमध्येच भाजून टाकणार. एकदा फाइलमध्ये गेलेली पट्टी चित्राचाच भाग असते. कुठलाही टीव्ही ती काढत नाही. म्हणून साचा निवडला तरी खालचे आकडे वाचा. प्रीमियरमध्ये मापं जुळत नसतील तर ‘स्केल टू फिट’, ‘स्केल टू फिल’ आणि ‘स्ट्रेच टू फिल’ असे पर्याय येतात. तिथे निवड करण्यापेक्षा मागे जाऊन मापच जुळवा.

एमपी४ फाइल, एच.२६४ कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). पेनड्राइव्हवरून चालवणाऱ्या टीव्हींना हे सगळ्यात सोपं पचतं. रुंदी आणि उंची दोन्ही आकडे सम हवेत. ६०७ टाकलं तर काही सॉफ्टवेअर नकार देतात, काही गुपचूप बदलतात. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ८ एमबीपीएस पुरे: पाच मिनिटांचा व्हिडिओ ३०० एमबीच्या आसपास होतो. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, पण फोटोंच्या व्हिडिओला ती वेळ सहसा येत नाही.

यूट्यूबसाठी पट्ट्या कधीच घालू नका. उभा असो की चौरस, मूळ मापातच चढवा, प्लेअर स्वतः जुळवून घेतो. एक लक्षात ठेवा: १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा चौरस किंवा उभा व्हिडिओ शॉर्ट्समध्ये धरला जातो. अडीच मिनिटांचा चौरस व्हिडिओ नेहमीच्या व्हिडिओंत दिसायला हवा असेल, तर तो १६:९ मध्ये करा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

एलईडी वॉल

वॉल भाड्याने देणारे फुटांत बोलतात: १२ बाय ८, १० बाय ८. १२ बाय ८ म्हणजे ३:२. तुमचा व्हिडिओ १६:९ चा. लॅपटॉपचं आउटपुट १९२०×१०८०, आणि प्रोसेसरने (लॅपटॉपचं चित्र वॉलवर पोचवणाऱ्या यंत्राने) ते सगळं वॉलवर दाबून बसवलं की माणसं साधारण १६ टक्क्यांनी बारीक होतात. सुरुवातीला सांगितलेली नवरा-नवरीची तक्रार ती हीच.

ऑपरेटरला फुटांऐवजी पिक्सेल विचारा. वॉल पॅनेल जोडून बनते, ३.९१ पिचचं (दोन ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर) अर्धा मीटरचं चौरस पॅनेल १२८×१२८ पिक्सेलचं असतं. आठ पॅनेल रुंद आणि पाच उंच म्हणजे चार मीटर बाय अडीच मीटर, १०२४×६४० पिक्सेल, रेशो १६:१०. पॅनेल मोजले की हिशेब तुम्हीही करू शकता.

मग सगळ्यात कमी कटकटीची पद्धत अशी. व्हिडिओ १९२०×१०८० चाच ठेवा, पण फोटो आणि अक्षरं मधल्या भागात बसवा: ३:२ च्या वॉलसाठी मधले १६२०, बाजूचे १५०-१५० फक्त पार्श्वभूमीचे, १६:१० साठी मधले १७२८, बाजूचे ९६-९६. ऑपरेटरला सांगा, ‘दोन्ही बाजूंनी एवढे पिक्सेल क्रॉप करा, दाबू नका.’ व्हिडिओ थेट १६२०×१०८० मध्ये एक्सपोर्ट करूनही चालतं, पण लॅपटॉप त्याच्या बाजूंना काळं घालून १९२० च करतो, आणि ऑपरेटरला क्रॉप करावाच लागतो. पहिल्या पद्धतीत तो विसरला तरी काळ्या पट्ट्या तरी दिसत नाहीत.

सोबत दहा सेकंदांची चाचणी फाइल द्या. पॉवरपॉइंटच्या १६:९ स्लाइडवर शिफ्ट दाबून मधोमध एक वर्तुळ काढा, कडेला टेकून एक जाड पांढरी चौकट, आणि वॉलच्या मापाची दुसरी चौकट आत लाल रंगात. वर्तुळ अंड्यासारखं दिसलं तर चित्र दाबलंय. लाल चौकट वॉलच्या कडेला नेमकी टेकली तर क्रॉप बरोबर. वर-डावीकडचाच भाग दिसत असेल तर प्रोसेसरने स्केल न करता कोपऱ्यातून कापलंय. ही चाचणी मांडवात पाहुणे यायच्या आधी करायची असते. दुपारी वॉल उभी राहते तेव्हा जाऊन या.

बिघडलं तर कुठे बघायचं

आधी फाइल तपासा, मग टीव्ही. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’. तिथे फ्रेमची रुंदी आणि उंची दिसते. व्हीएलसीमध्ये बघत असाल तर एक खोडी लक्षात ठेवा: ‘ए’ कळ दाबली गेली की तो दाखवण्याचा रेशो बदलतो, ‘सी’ दाबली की कापतो. फाइल चांगली असते आणि माणूस पुन्हा एक्सपोर्ट करत बसतो. तीच कळ परत परत दाबून ‘डिफॉल्ट’वर आणा.

आकडे बरोबर, तरी टीव्हीवर कडा कापल्या जातात: टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘१६:९’ निवडा आणि ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ असं जे काही त्या कंपनीने नाव दिलं असेल ते चालू करा. ‘झूम’ असेल तर बंद.

एखादाच फोटो आडवा पडलाय: कॅमेऱ्याने तो आडवाच साठवून ‘उभा दाखव’ अशी नोंद फाइलमध्ये केलेली असते, आणि तुमचं सॉफ्टवेअर ती वाचत नाही. फोटो दुसऱ्या ॲपमध्ये उघडून फिरवा, सेव्ह करा, मग परत टाका.

चारही बाजूंनी काळं: दोनदा चौकट बसली आहे. बहुतेक वेळा आडवे फोटो उभ्या प्रोजेक्टमध्ये ‘फिट’ होऊन वर-खाली पट्ट्या आल्या, आणि तो उभा व्हिडिओ आडव्या टीव्हीवर लावल्यामुळे बाजूच्या पट्ट्या आल्या. प्रोजेक्टचं माप बदलून फोटो पुन्हा बसवण्यावाचून इलाज नाही.

फाइल १६:९ असूनही चारही बाजूंनी काळं येत असेल, तर विचारा की फोनची स्क्रीन टीव्हीवर मिरर करून तर दाखवत नाहीत ना. २०:९ च्या फोनवर १६:९ चा व्हिडिओ रुंदीचा ८० टक्केच भाग घेतो. ती २०:९ स्क्रीन टीव्हीवर गेली की उंचीचा ८० टक्के भाग घेते. दोन्ही मिळून टीव्हीच्या फक्त ६४ टक्के जागेत चित्र. व्हिडिओत काहीही बदलू नका. फाइल पेनड्राइव्हवर घाला आणि टीव्हीच्या यूएसबीत लावा.